संततीची ओंजळ

"करार देवाचा, अर्थ वडीलमंडळींचा. मधे प्रश्न विचारायचा नाही!"

अप्पांचा हा नियम मी बोलायला लागल्यापासून ऐकत आले. अप्पा म्हणजे माझे वडील, आमच्या चर्चचे मुख्य पंच. पण जिथे प्रश्नांना बंदी, तिथे किस्से फार साठतात! दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याच्या कॉलेजातून बेलापूरजवळच्या आमच्या गावी येते आणि गुरुवारच्या बायबल क्लासातून दोन-चार तरी घेऊन परतते.

यंदा क्लासात बायबलातला मूळपुरुष अब्राहाम याचा देवाशी झालेला करार चालला होता. देवानं त्याला दोन वचनं दिली: जमीन आणि ताऱ्यांइतकी संतती. त्याची आठवण म्हणून सुगीच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक जोडपं चर्चमधल्या टोपलीत मुलामागे एक ओंजळ बाजरी टाकतं. राहेलआत्या ही अप्पांची सख्खी बहीण. तिला मूल नाही. वीस वर्षं ती मागच्या भिंतीशी बसून ते बघते. आमच्या अर्ध्या वस्तीला अक्षरं तिनं शिकवली, मलासुद्धा! मी म्हटलं, "अप्पा, यंदा आत्यालाही पुढे बोलवा."

"ती वचनात बसत नाही," अप्पा म्हणाले.

*

लाजरसमामांना जमिनीच्या वचनात भारी रस. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबलेला माणूस! त्यांनी विचारलं, "अब्राहामाची लेकरं आपन, तर मंग आपली जिमीन कंची?"

अप्पांनी समजावलं, "लाजरस, ती जमीन आत्मिक आहे. म्हणजे स्वर्ग."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "तितं पाटाचं पानी हाय का?"

*

येशूदासकाकांना अकरा मुलं. ताऱ्यांचं वचन निघालं की ते मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "आमी आमचा वाटा पुरा केलाय!"

एकदा बायकांच्या बाजूनं त्यांची बायको, मार्थाकाकू, कडाडल्या, "आभाळातल्या ताऱ्यांस्नी रेशन लागत न्हाई! हितं रांगेत मी हुबी ऱ्हाते!"

आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी घाईघाईनं शेवटची प्रार्थना उरकली.

*

एका गुरुवारी चर्चच्या ओट्यावर बाबूभाई पिंजारी गाद्यांचा कापूस पिंजत होते. आत वाद पेटला. कराराचे वारस कोण? रक्ताचे की विश्वासाचे? बाहेरचा टणटण आवाज एकदम थांबला आणि बाबूभाई दारात आले.

"तुमचा अब्राहाम म्हंजी आमचे इब्राहीम; ते आमचे बी वडील. वाटनीत आमाला धरलंय का न्हाई?"

लाजरसमामा लगेच सरकून बसले आणि शेजारची सतरंजी झटकली. "या की! लई जागा हाय."

त्या दिवशी अप्पासुद्धा हसले. हीच वेळ, म्हणून मी पुन्हा आत्याचा विषय काढला. अप्पांचं हसू तिथंच संपलं.

*

पाळकसाहेब मनानं फार चांगले. दर वर्षी ते आत्याला धीर देतात. यंदाही म्हणाले, "राहेल, अब्राहामाच्या सारेला नव्वदाव्या वर्षी मुलगा झाला. धीर धर."

"धीर लई हाय, पाळकसाहेब," आत्या म्हणाली. "गुडघे ऱ्हायले न्हाईत!"

सगळे खो खो हसले. ती पोरांच्या पाट्या पदरानं पुसत राहिली.

*

सणाच्या रविवारी टोपली धरायचं काम अप्पांनी मला दिलं. शिकलेली मुलगी, शोभून दिसेल! एकेक जोडपं आलं, ओंजळी पडल्या, यादी संपली. टोपली मेजावर ठेव, अशी अप्पांनी खूण केली.

मी ठेवली नाही.

"जमीन आत्मिक, मग संतती तेवढी पोटची कशी, अप्पा?"

"टोपली ठेव आणि खाली बस!"

"आत्या आल्याशिवाय नाही ठेवणार!"

अप्पांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी बायबलात पाहिलं. मी टोपली घेऊन सरळ मागच्या भिंतीशी गेले आणि आत्यासमोर उभी राहिले. मार्थाकाकूंनी आपलं बाजरीचं सूप गुपचूप तिच्याकडे सरकवलं.

आत्या गुडघ्यावर हात टेकत उठली. सुपातून ओंजळ भरली आणि टोपलीवर धरून थांबली. मग तिच्या हाताखाली अक्षरं गिरवलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवत तिनं अप्पांना विचारलं,

"दादा, किती टाकू?"