गुरुवारच्या पानावरचा पाहुणा

देव माणसाच्या रूपात दारी येतो, यावर माझा कधी विश्वास बसला नाही. आणि आलाच, तरी आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत त्याला गेटवरच अडवतील, असं मी सासूबाईंना चिडवायचे. त्या लातूरकडच्या, दत्तभक्त. दर गुरुवारी दुपारी बाराला एक पान जास्तीचं वाढायचं आणि कोणी अनोळखी जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. गावी कोणी ना कोणी यायचंच. इथे चौथ्या मजल्यावर कोण येणार? दीड-दोनपर्यंत वाट पाहून ते पान कावळ्याला जायचं. मधुमेहाची गोळी मात्र सकाळीच घेऊन मोकळ्या! "गोळीनं कुठं उपास मोडतोय?" हे वर उत्तर. मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

त्या गुरुवारी मी घरूनच काम करत होते. मीटिंग सुरू असताना गेटच्या ॲपवर सूचना आली: वयस्कर गृहस्थ, नाव सांगत नाहीत, जेवायला मागतात. फोटोकडे न बघताच मी नकार दाबला. सासूबाईंनी विचारलं, "कोण आहे गं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

अर्ध्या तासाने बाहेर आले तर ओट्यावरचं पान गायब, दारातल्या चपला गायब. बाल्कनीतून त्यांनी त्या म्हाताऱ्याला परत जाताना पाहिलं असणार. फोन घरातच. पोटात अन्नाचा कण नाही, गोळी घेतलेली, आणि समोर हायवेचा सर्व्हिस रोड. जन्मात पहिल्यांदा मनापासून म्हटलं, दत्तगुरू, आता तूच बघ. आणि जिने उतरत सुटले.

गेटवरचा रखवालदार म्हणाला, "मॅडम, आजी हितं बसल्यात. एक बाबा आत्ताच सोडून गेले."

सासूबाई त्याच्या खुर्चीत, घामाने निथळत, पण शुद्धीवर. रस्त्याकडेच्या झाडाखाली त्यांनी बाबांना गाठलं होतं. पान पुढे करताना त्यांचे हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांनी शिऱ्याचा एक घास घेतला आणि पान परत सरकवलं. "माय, माझं झालं. आता तू जेव." पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही, म्हणून त्या जेवल्या. माझं ऐकलं असतं का? छे! डॉक्टर म्हणाले, साखर फारच उतरली होती, गोड वेळेवर पोटात गेलं म्हणून निभावलं.

मी चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे विचारून आले. बाबांना आधी कोणी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. कदाचित त्यांच्या घरीही कोणाला मधुमेह असेल, ती थरथर त्यांना ओळखू आली असेल. शक्य आहे. पुढे अमेरिकेतल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं, तर त्याने त्याच्या घरातली एक गोष्ट सांगितली. तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा. त्यांचे पूर्वज ओसाड मुलखात वस्ती करत होते, तेव्हा त्याच्या खापरपणजीच्या दारी एक म्हातारा भाकरी मागायला आला होता म्हणे. तिने घरातली शेवटची भाकरी दिली. तापाने फणफणलेलं तिचं मूल त्याच दिवशी उठून बसलं, आणि बाहेर बघते तो रस्त्यावर कोणी नाही. "येशूचे तिघे शिष्य मरण न येता अजून असे हिंडतात, असं आमच्याकडे मानतात," तो म्हणाला. माझ्या समोरच्या भिंतीवर तीन शिरांचे दत्तगुरू होते.

ते कोण होते, हे मला अजून जाणून घ्यायचंय. ॲपमध्ये त्या दिवसाची नोंद आहे. उन्हामुळे फोटोत चेहरा दिसत नाही, खांद्यावरची झोळी तेवढी दिसते. खाली लाल अक्षरांत लिहिलंय: आपण प्रवेश नाकारला. मी हाकललं, तरी माझ्याच घरचं माणूस त्यांनी मला परत आणून दिलं. हे ऋण कुठे फेडू?

आता गुरुवारी बाराला मीटिंग सोडून मीच पान घेऊन खाली जाते. कधी रखवालदार जेवतो, कधी पार्सल घेऊन आलेला कोणी. नाव विचारत नाही. मग वर फोन लावते, "आई, पाहुणे जेवले. तुम्ही बसा आता."