गिरणीवर लावलेला सूर

जनूभाऊंशी माझी ओळख झाली ती माझ्या एका फजितीमुळे. सापगावला त्यांची भातगिरणी. सासऱ्यांनी मुरबाडहून पाठवलेलं भाताचं पोतं भरडायला मी स्कूटरवर घालून घेऊन गेलो होतो. गिरणीत भिंतीवरच्या खिळ्याला एक गिटार टांगलेली दिसली. तपकिरी, जागोजागी रंग उडालेली, अंगावर कोंड्याचा पातळ थर. मी शहापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे दिसेल त्या वस्तूबद्दल चार शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, "अहो, हिच्या दोन तारा तुटल्यात. लावून घ्या, छान वाजेल."

जनूभाऊ पोत्याची शिवण उसवत होते, ते थांबले. भुवया, मिशी, कानाच्या पाळ्या, सगळं पिठासारखं पांढरं. त्या पांढऱ्यातून दोन काळेभोर डोळे माझ्याकडे बघत राहिले.

"मास्तर, गायला आचळं किती?"

"चार."

"मंग दोन कमी हायेत म्हनून कदी डॉक्टर बोलावला काय?"

ती बास गिटार होती आणि बास गिटारीला मुळात ताराच चार असतात. हे तिथे तांदळासाठी थांबलेल्या तीन बायकांनाही माहीत होतं, मला नव्हतं. घरी येऊन हा किस्सा मी बायकोला सांगितला. सुनीता मुरबाडकडची. ती म्हणाली, "त्यांनी पुढे काही विचारलं नाही ना? नाहीतर शाळेत कळवायचे, मास्तरांना काही येत नाही म्हणून."

जनूभाऊ सापगावच्या बँजो पार्टीत बास वाजवायचे. हळद असो, वरात असो, गणपती असो, केशव बँजो छेडायचा, ताशा-ढोलकी कडाडायची आणि सगळ्यांच्या मागे, स्पीकरच्या खोक्याला टेकून, जनूभाऊ डोळे मिटून उभे असायचे. गळ्यातला पट्टा म्हणजे गिरणीचाच एक जुना, झिजलेला पट्टा, दोन्ही टोकांना भोकं पाडून लावलेला. त्यांना मी पहिल्यांदा वाजवताना पाहिलं तेव्हा हा माणूस उभ्या उभ्या झोपलाय असंच मला वाटलं होतं.

ही गिटार त्यांच्याकडे आली कशी, ते सापगावात कोणीही सांगेल. जनूभाऊ विशीत असताना वडिलांनी त्यांना म्हशाच्या जत्रेला बैल आणायला पाठवलं. जत्रेत एका ऑर्केस्ट्राचा तंबू उठत होता आणि मालक सामान विकत होता. जनूभाऊ तिथे उभे राहिले ते राहिलेच. संध्याकाळी घरी आले तेव्हा दावं होतं, बैल नव्हता. वडिलांनी गिटार हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि एवढंच विचारलं, "हिला नांगराला कुठनं जुंपायची?" त्या वर्षीची नांगरणी शेजाऱ्याच्या बैलावर झाली. जनूभाऊ स्वतः हे सांगताना शेवटी न चुकता म्हणायचे, "पन मास्तर, बैल आसता तर आतापावत कवाच म्हातारा होऊन मेला आसता."

माझ्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या माणसाला त्यांनी बास शिकवायला का घेतलं, ते मला पुढे तिसऱ्या वर्षी कळलं. तेव्हा मला वाटलं, माझ्यात काहीतरी दिसलं असेल. मी एक साधी, स्वस्तातली बास गिटार आणली आणि दर रविवारी सकाळी गिरणीत हजर राहू लागलो.

शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. पहिला महिनाभर त्यांनी मला एकच तार वाजवू दिली. मी उत्साहाने मध्ये मध्ये दोनचार सूर जास्तीचे घुसवले की हात धरायचे. "भाताची रोपा लावाया, आवणीला कदी उतरलाव काय चिखलात? रोपांच्या दोन चुडांत मोकळी जागा ठेवतात ना? दाटीनं लावला तर भात फुटतच नाय. तसा सूर लावा. एक लावला की जरा कंबर सरळ करा, मंग दुसरा."

आणि बास म्हणजे काय, हेही त्यांनी गिरणीवरूनच समजावलं. "गिरणी चालू आसली की तिचा घुमार कुनाला ऐकू येत नाय. बाया गप्पा मारतात, पोरा खेळतात. बंद पडली की आख्खी आळी बाहेर येऊन इचारते, काय झाला रे? बासचा तसाच. वाजतोय तंवर कुनी वळून बघता कामा नये."

त्यांची सगळ्यात नवलाची सवय सूर लावण्याची. गिटार घेतली की आधी मोटरवरचा पट्टा उतरवायचे, हिरवं बटण दाबायचे आणि मोकळी मोटर चालू करायचे. मोटर "हूंऽऽ" करून घुमायला लागली की गिटारीची मान हनुवटीखाली दाबायचे, सगळ्यात बारीक तार छेडायचे आणि तारेचा आवाज मोटरच्या आवाजात विरघळेपर्यंत खुंटी पिळत राहायचे. एका तारेवरून बाकीच्या तीन. मग केशवचा बँजो जनूभाऊंच्या बासवर. म्हणजे आमची आख्खी पार्टी भातगिरणीवर लावलेली! लाइट गेली की तालीम बंद. विजेचा प्रवाह एका सेकंदात पन्नास आवर्तनं करतो, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो. ती आवर्तनं कानांनी ऐकता येतात, हे मला बारावी नापास माणसाने दाखवलं.

तिसऱ्या वर्षी जनूभाऊंच्या रेश्माचं लग्न ठरलं. मुलगा म्हशाचाच. बातमी सांगताना जनूभाऊ म्हणाले, "जत्रेतनं बैल नाय आला, जावई आला." मग जरा वेळ तांदळात बोटं फिरवत राहिले. "मास्तर, एक काम हाय. हळदीला बापाला पाटावर बसावा लागतो. माज्या पोरीच्या हळदीला बास नसंल, तर मी एवढी वर्षं कुनासाठी वाजवला? तुमाला शिकवला तो याच्यासाठी."

माझ्यात काहीतरी दिसलं होतं ते हे. रविवारी सकाळी रिकामा असलेला माणूस.

पण जबाबदारी अंगावर पडली आणि मी ती भलत्याच बाजूने उचलली. माझी गिटार या कामाला शोभणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं. हिचा आवाज बोदा आहे, हिची मान जाड आहे, माझी बोटं अडखळतात ती हिच्यामुळेच. कल्याणच्या एका दुकानात मी एक बास बघून ठेवली होती. काळपट लाल, काचेसारखी चकचकीत, आणि माझ्या गिटारीच्या कितीतरी पट महाग. अडचण एकच होती. घरात नवीन फ्रिज घ्यायचा आधीच ठरला होता. आमच्या जुन्या फ्रिजचं दार नाडीने बांधावं लागे आणि तो एवढा घुमायचा की पाहुण्यांना वाटे आत मिक्सर लावलाय.

मी विषय काढला तेव्हा सुनीता भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "दोन्ही काही येणार नाहीत. दोघांतला जो कमी आवाज करील तो आणा."

जनूभाऊंना मी दुकानात घेऊन गेलो. मनात होतं, ते नको म्हणतील आणि मग मी त्यांच्याशी वाद घालून ती विकत घेईन. त्यांनी धोतराला हात पुसून गिटार घेतली, पाठीला कान लावला, बोटाने टकटक केली, बैलाचे दात बघावेत तसे खुंट्या बघितल्या. मग दुकानभर नजर फिरवली.

"काय शोधताय काका?" दुकानदाराने विचारलं.

"मोटर."

दुकानदाराने सूर लावायचं यंत्र पुढे केलं. त्याच्यावर हिरवा दिवा लागला की सूर बरोबर. जनूभाऊंनी त्या दिव्याकडे जरा संशयाने बघितलं आणि वाजवायला सुरुवात केली. दहा मिनिटं डोळे उघडले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "लोन्यासारखी हाय. आपल्या दोघांच्या दोन्ही हिच्यापुढं फळकुट."

"मग घेऊ?"

"ते मला नका इचारू. मी बैलाच्या पैशांत गिटार आननारा मानूस."

दुकानदार भला निघाला. म्हणाला, हळद होईपर्यंत वाजवून बघा, नाही पटली तर आणून द्या. मी ती घरी आणली आणि आठ दिवस फ्रिजच्या शेजारी, जेवायच्या टेबलावर निजवली. सुनीता एका बाजूला बसून जेवायची.

हळदीचा दिवस उजाडला. मांडव गिरणीच्याच अंगणात, गिरणी अर्थात बंद. मी घरूनच मोबाइलवर सूर लावून निघालो होतो. चारही तारांना हिरवा दिवा. केसभरही इकडेतिकडे नाही. शास्त्र शिकवणाऱ्याला शोभेल असा सूर.

उन्हं उतरली. मांडवात जनूभाऊ पाटावर, शेजारी हळदीने माखलेली रेश्मा, भोवती गाणी म्हणणाऱ्या बाया, त्यांच्यात आमची सुनीताही. ताशा कडाडला, ढोलकी बसली, केशवने बँजोवर गाणं उचललं आणि मी माझ्या लोण्यासारख्या गिटारीचा पहिला सूर सोडला.

काय सांगू! दुधात लिंबू पडावं तसं झालं. बँजो एकीकडे, मी दुसरीकडे, अंतर अगदी थोडं, पण दातात खडा येण्याइतकं. वाटलं, केशवचं चुकलंय. केशवला वाटलं, माझं चुकलंय, आणि तो ते तोंडाने मोठ्याने सांगतही होता. मी आवाज वाढवला, तसं जास्तच बिघडलं. नाचणाऱ्या पोरी थबकल्या. बायांनी गाणं सोडून माझ्याकडे माना वळवल्या. सापगावातली झाडून सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी नव्या गिटारीच्या खुंट्यांकडे.

मी पाटाकडे पाहिलं. जनूभाऊंनी डोळे मिटले होते, पण वाजवताना मिटायचे तसे नव्हे. पोरीच्या हळदीचा सूर तुटला होता आणि त्यांना पाटावरून उठता येत नव्हतं. मग एकदम त्यांनी डोळे उघडले आणि ओरडले, "मास्तर! सूर कशावर लावलाव?"

"मोबाइलवर!"

"अरं देवा! गिरणी चालू करा रे कुनीतरी!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोबाइल बरोबर होता. जगाच्या हिशेबाने आमची आख्खी पार्टीच एवढी वर्षं जराशी चढी वाजत होती. मोटरचा घुमार पेटीच्या सुरापेक्षा किंचित वर, आणि त्याच्यावर लावलेला केशवचा बँजोही तेवढाच वर. आमच्यात पेटी किंवा कॅसियो असता तर हे कधीच उघडं पडलं असतं. त्या मांडवात बरोबर असा मी एकटाच होतो, आणि म्हणूनच चुकलो होतो.

माणसं गिरणीची किल्ली शोधायला धावली. तेवढ्यात रेश्माच उठली. "अगो, उठू नको! हळद लागलीय!" बाया ओरडल्या. ती कसली ऐकते! किल्ली दाराच्या वर चौकटीतच होती, ती तिने टाचा उंचावून काढली, दार ढकललं, पट्टा उतरवला आणि हळदीच्या हाताने हिरवं बटण दाबलं.

"हूंऽऽऽ."

मी गिटारीची मान हनुवटीखाली धरली आणि बारीक तार छेडून खुंटी पिळू लागलो. दोन आवाज एकमेकांवर थरथरत होते, मग थरथर संथ झाली, मग राहिलीच नाही. पाटावरून जनूभाऊंनी हात वर केला. "हां! थांबा! तोच!"

पुढचा तासभर काय झालं, ते मला नीट सांगता येणार नाही, कारण कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. बाया गात होत्या, सुनीता पदर खोचून नाचत होती, केशव मान डोलावत होता. दोन चुडांत जागा ठेवून मी एकेक सूर लावत गेलो. जनूभाऊंनीही माझ्याकडे पाहिलं नाही. ते रेश्माकडे बघत होते आणि त्यांचा पाय पाटावर ठेका धरत होता.

लग्न झालं, पोरगी म्हशाला गेली. मी गिरणीत गेलो तेव्हा जनूभाऊ पोत्यावर बसले होते. हिरव्या बटणाभोवती रेश्माच्या पंजाचा पिवळा ठसा तसाच होता. गिरणीतली सगळी धूळ ते रोज झाडतात, तेवढी बटणाची पाटी सोडून.

मी विचारलं, "नवी गिटार कशी वाजली? ठेवू का परत करू?"

"नवी चांगली हाय, खोटा कशाला बोलू. पन मास्तर, मी तीस वर्षा बास वाजवला. ऐकला त्या दिशी पयल्यांदा. समोर बसून." ते हसले. "त्यात गिटार कंची होती ते बघाया टाइम कुनाला होता?" मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "आता ती तिथंच ऱ्हाईल. मी समोर बसनार. वाजवा तुमी."

त्यानंतर त्यांनी वाजवलं नाही. प्रत्येक तालमीला पोत्यावर बसतात, मी दाटी केली की तिथूनच खाकरतात.

मी मनाशी ठरवलं. जुनी गिटारही गिरणीवर लावली की गिरणीचीच होते. तेव्हा नवी परत करायची आणि सुनीताला फ्रिज आणायचा. शनिवारी सकाळी गिटारीची पिशवी काढली. शेवटचं म्हणून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून जरा वाजवायला घेतली. एवढ्यात मागे फ्रिज घुमायला लागला, आणि माझी मान आपोआप वळली, हनुवटी खाली आली, हात खुंटीवर गेला. वीज तीच, घुमार तोच. बारीक तार हळूहळू फ्रिजमध्ये विरघळली.

डोळे उघडले तर सुनीता समोर उभी. एका हातात फ्रिजच्या दाराची नाडी, दुसऱ्या हातात कोथिंबीर. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं. दार लावलं, नाडीची नीट गाठ मारली आणि म्हणाली, "ठेवा ती पिशवी आत. नवीन फ्रिज म्हणे अजिबात आवाज करत नाहीत. मग तुम्ही सूर कशावर लावणार?"