सादळलेली विलायत

सत्य, गणित आणि सकाळची न्याहारी या तीन गोष्टी देश बदलला तरी बदलत नाहीत. हा विचार माझा नाही. माझे मेहुणे दादासाहेब यांनी तो डहाणू रोड स्टेशनावर उतरल्या उतरल्या, टांग्यात पाय ठेवण्याच्या आधी मला ऐकवला. त्यांच्या काखेत पुठ्ठ्याचा एक खोका होता. ट्रंका त्यांनी हमालाला दिल्या, हॅट माझा धाकटा भाऊ वसंता याच्या हातात दिली, पण खोका काही कुणाला धरू दिला नाही. मला वाटलं, आत एखादं नाजूक यंत्र असणार. (माणूस बर्मिंगहॅमला इंजिनियर होता.) घरी येऊन पाहिलं तर आत मक्याचे पोहे होते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनएक वर्षं झाली असतील. मी डहाणूला हायस्कुलात मास्तर होतो आणि जवळच नरपड गावात एका वाडीतलं अर्धं घर भाड्याने घेऊन राहत होतो. वसंता स्टेशनावर बुकिंग क्लार्क. माझ्या बायकोची, सुशीलेची, धाकटी बहीण कुसुम हिला वसंताने आमच्याकडे सुट्टीत पाहिलं होतं, कुसुमनेही वसंताला पाहिलं होतं, आणि दोघांचंही त्यानंतर दुसरीकडे कुठे लक्ष नव्हतं. अडचण एकच होती, ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पुण्यात राहून डहाणूचा वास ओळखत. "एक मुलगी त्या मासळीत दिली, तेवढी पुरे," असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच रडारडीनंतर ठरलं ते असं, की दादा बऱ्याच वर्षांनी विलायतेहून येतोय, तो आठ दिवस डहाणूला राहील, मुलगा पाहील, हवा पाहील, आणि तो म्हणेल तसं. म्हणजे वसंताचं लग्न दादासाहेबांच्या नाकावर अवलंबून होतं.

सुशीलेने महिनाभर आधीपासून तयारी चालवली होती. आमच्या शेजारी, वाडीच्या कुंपणापलीकडे, जानकीबाई राहत. त्यांच्या घरची होडी होती, आणि आलेली मासळी सुकवून बाजारात विकण्याचं काम जानकीबाईंचं. मे अखेरचे दिवस. पाऊस यायच्या आत सगळा माल वाळवायचा, म्हणून आमच्या कुंपणापर्यंत जवळा पसरलेला असे. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. आकाराने लहान, पण वासाने नाही. सुशीलेने जानकीबाईंचे हातपाय जोडून आठ दिवसांपुरतं ते सगळं वाळवण पार पलीकडे, किनाऱ्याच्या टोकाला हलवायला लावलं. जानकीबाई भल्या बाई. "तुमचा पाव्हना तो आमचा पाव्हना," म्हणाल्या, आणि सगळा पसारा एका चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने मांडून बसल्या. घरात आम्ही उदबत्त्या लावल्या. वास गेला. वसंता खूश झाला. कुणी मक्याच्या पोह्यांचा हिशेब धरलाच नव्हता.

पहिल्या सकाळी दादासाहेबांनी जाहीर केलं की त्यांचं पोट आता फक्त हेच सोसतं. कांदेपोहे, उपमा, थालीपीठ वगैरे गोष्टी त्यांनी लहानपणाबरोबर सोडल्या आहेत. सुशीलेने खोका स्वयंपाकघरात नेला आणि म्हशीचं दूध उकळून, साखर, वेलदोडा आणि चिमूटभर केशर घालून वाडगा पुढे आणला. दादासाहेबांनी वाडग्यात पाहिलं. आलेली तार उघडताना माणूस पाहतो तसं.

"सुशी, याची तू खीर केलीस."

"मग काय, दादा, कच्चे खायचे होते?"

"कच्चेच खातात. थंड दुधात. आणि ते वाजले पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी दूध थंड होतं. पण रात्रीतून निराळाच प्रकार घडला होता. विलायतेत लोक एवढं काय खातात हे पाहावं म्हणून मी निजण्याआधी मूठभर तोंडात टाकले होते (मीठ विसरलेल्या पापडाचा तुकडा डोळ्यांसमोर आणा, अगदी तसे लागले), आणि खोक्यातली कागदी पिशवी मिटायची राहून गेली होती. नरपडला मे अखेर काय होतं हे इथे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. काडेपेटी पेटत नाही, मीठ पाझरतं, कपाटातली पुस्तकं फुगतात. दादासाहेबांनी एक पाकळी चिमटीत धरून वाकवली. ती वाकली. त्यांनी दुसरी वाकवली, तीही मुकाट्याने वाकली.

"गोविंदराव, हे मोडत नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं. "इथली हवा मऊ आहे."

हा खुलासा फारसा लागू पडला नाही. दादासाहेब उठले, उपाशीच समुद्रावर फिरून आले, आणि आल्यावर त्यांनी वसंताला प्रथमच प्रश्न विचारला. रेल्वेत बढतीला किती वर्षं लागतात, असा. उत्तर ऐकून त्यांनी "हं" म्हटलं. वसंता दिवसभर त्या "हं"चा अर्थ लावत बसला. सुशीला मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "उपाशी पोटी दादा कशालाच हो म्हणत नाही. लहानपणापासून असा आहे. अहो, काहीतरी करा."

मी केलं. वसंताला रजा टाकायला लावून पासावर मुंबईला पाठवलं. बिचारा सकाळच्या गाडीने गेला, फोर्टातल्या बड्या दुकानांत हिंडला, आणि संध्याकाळी देशी बनावटीचा एक खोका घेऊन विजयी मुद्रेने परतला. दादासाहेबांनी डाव्या तळहातावर आपली पाकळी ठेवली, उजव्या तळहातावर मुंबईची, आणि दोन्ही हात पुढे करून बराच वेळ बसले. मग व्याख्यान सुरू झालं. ही पाकळी जाड आहे. हिचा रंग निराळा आहे. हिच्यात गोडी नाही. प्रत्येक देशातला मका वेगळा, प्रत्येक देशातली जीभ वेगळी. कारखानदार त्या त्या जिभेला रुचेल तशी साखर आणि मीठ घालतो, चालत नसेल तिथे माल पाठवीतच नाही. तेव्हा नाव एक असलं म्हणून पदार्थ एक असतो असं समजणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे.

"पण न्याहारी देशागणिक बदलत नाही ना?" मी विचारलं.

सुशीलेने माझा पाय दाबला. दादासाहेब म्हणाले, "हे ते नव्हेत," आणि मुंबईचा खोका वसंताकडे परत सरकवला. वसंताने तो नम्रपणे घेतला आणि तलासरीच्या बाजारातून मका आणून घरीच कुटून पाहू का, असं विचारलं. त्यावर दादासाहेब तळहात झटकून उठून गेले. "हं" सुद्धा नाही.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाकळ्या विलायतीच आहेत, फक्त सादळल्या आहेत. आणि सादळलेली वस्तू आपण काय करतो? उन्हात टाकतो. इतकी सोपी गोष्ट चार पदव्या मिळवलेल्या माणसाला सुचली नाही आणि मला सुचली, याचा मला मनातून फार आनंद झाला. दादासाहेब दुपारी झोपलेले पाहून मी सगळा खोका सुपात ओतला आणि अंगणात ठेवला. कावळे आले. मी हाकलले, ते परत आले, आणि येताना नातेवाईक घेऊन आले. मग सुशीलेने तव्यावर परतून पाहिले. पहिला घाणा काळा झाला. उरलेले घेऊन आम्ही नवराबायको ओट्यावर हताश बसलो असताना कुंपणापलीकडून जानकीबाईंनी चौकशी केली. मी सगळी हकीकत सांगितली.

"एवढंच ना? आना इकडं मास्तर," त्या म्हणाल्या. "वाळवायचं काम आमाला नका शिकवू. उद्या सकाळी घेऊन जा, दाताखाली कडाकडा वाजतील."

मी सूप त्यांच्या हातात दिलं. त्या ते कुठे वाळवणार याचा विचार मी केला नाही. सुशीलेनेही केला नाही. जानकीबाईंचं वाळवण आम्हीच किनाऱ्याच्या टोकाला दाटीवाटीने कोंबलेलं होतं, आणि त्यात रिकामी जागा अशी एकच उरली होती. दोन्ही बाजूंना जवळा, आणि मधल्या चटईवर विलायत.

सकाळी त्या स्वतःच टोपली घेऊन आल्या. वर स्वच्छ धुतलेलं फडकं. सुशीलेने एक पाकळी मोडली. टण्‌कन वाजली. तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि ते वाऱ्याची झुळूक येईपर्यंत टिकलं.

"जानकीबाई," ती खोल आवाजात म्हणाली, "हे कुठे वाळवलेत?"

"आमचंच वाळवण हाय तिथं, आनखी कुठं? अळणी लागले म्हनून मीठ पन मारलंय थोडं. पावसाळाभर राहतील बघा."

टोपलीतून एक बारीक काळा डोळा माझ्याकडे पाहत होता. नीट पाहिलं तर बरेच डोळे होते. आम्ही दोघं खाली बसून, चष्मा लावून, पाकळ्यांतून जवळा वेचू लागलो. मी चमच्याने, ती चिमटीने. दोघंही नाकाला पदर लावून (माझ्यापुरतं उपरणं समजावं). आमच्या दोन्ही घरांत मासा म्हणजे क्रमिक पुस्तकातलं चित्र! पण डोळे वेचता येतात, वास वेचता येत नाही. "फेकून द्या," सुशीला कुजबुजली. "कावळ्यांनी खाल्ले म्हणू." मी टोपली उचलली, तेवढ्यात एक पाकळी माझ्या पायाखाली आली. ती वाजली.

"वाजले!" दारातून आवाज आला. दादासाहेब दाढीचा साबण तसाच चेहऱ्यावर ठेवून आत आले होते. त्यांनी टोपली माझ्या हातून घेतली, टेबलाशी बसले आणि मूठभर तोंडात टाकले.

त्यांचा जबडा चालायचा थांबला. सुशीलेने डोळे मिटले. दारामागे वसंता उभा होता. त्याचं सगळं आयुष्य त्या क्षणी माझ्या मेहुण्याच्या तोंडात होतं. मी क्षमेचं एक वाक्य मनात जुळवत होतो, पण त्याला क्रियापद सापडत नव्हतं.

जबडा पुन्हा चालू लागला. दादासाहेबांनी दुसरी मूठ घेतली. मग दुधाचा पेला हाताने बाजूला सारला आणि तिसरी घेतली.

"सुशी," ते म्हणाले, "जरा चहाचं बघतेस?"

सुशीला आत गेली, म्हणजे दाराआड उभी राहिली. दादासाहेबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"गोविंदराव, आईला सांगायचं नाही."

"काय?"

"तिकडे आमची घरमालकीण रविवारी न्याहारीला खारवलेला मासा देते. धुरी दिलेला. सुरुवातीला मी खिडकीत जाऊन उभा राहायचो. आता रविवारची वाट पाहतो. मुंबईला उतरलो तेव्हापासून त्या वासासाठी जीव नुसता कासावीस झालाय. मला वाटलं होतं डहाणूला तरी येईल. चार दिवस नाक वर करून समुद्रावर फिरतोय, तर तुमच्याकडे उदबत्तीशिवाय काही नाही! इथे मासळी करतात की नाही?"

दाराआडून भांडं पडल्याचा आवाज आला.

महिनाभर आर्जवं, चार दिवसांच्या उदबत्त्या, वसंताची रजा, कावळे, तवा, आणि आत्ताच चष्मा लावून एकेक करून वेचून काढलेला सगळा जवळा! तो बशीत बाजूला ठेवला होता. दादासाहेबांची नजर तिकडे गेली. त्यांनी बशी ओढून घेतली आणि विचारलं, "हे वेगळं का काढलंत?"

उरलेले दिवस दादासाहेब रोज सकाळी "फिरायला" जात आणि जानकीबाईंच्या ओट्यावर सापडत. वसंता त्यांच्याबरोबर जाई. त्या दोघांत रेल्वेतल्या बढतीचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना दादासाहेबांनी पुण्याला न्यायचा अहवाल आम्हाला आधी ऐकवला: मुलगा उत्तम आहे, आणि डहाणूला मासळीचा वास असा मुळीच येत नाही, ही सगळी लोकांनी उठवलेली गोष्ट आहे. ते विलायतेहून आलेले असल्यामुळे सासूबाईंनी त्यावर विश्वास ठेवला. इतका ठेवला, की वास नाहीच तर मग लग्न डहाणूलाच करू, समुद्रही पाहणं होईल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर लागलं. ते दिवस बोंबील सुकवण्याचे. गुरुजींनी तीन मुहूर्त दिले होते. वारा कुठल्या दिवशी जमिनीवरून वाहील हे जानकीबाईंना विचारून मी त्यातला एक निवडला. त्या दिवशी वारा समुद्रावरून आला. सासूबाई टांग्यातून उतरल्या, मांडवाच्या दारातच थांबल्या, आणि मला विचारलं, "गोविंदराव, हा कसला वास?"

समोर माझी बायको होती, पलीकडे नवरी होती, आणि माझ्या डोक्यावर दादासाहेबांची बाजू राखण्याची जबाबदारी होती. मी शांतपणे म्हटलं, "इथे चिकूच्या वाड्या आहेत."

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. त्यांनी चिकू पुन्हा खाल्ला नाही.