शाळा सुटायच्या वेळचं धान

पुंडलिक गेला ही बातमी मला फळ्यावर लिहावी लागली. सकाळी साडेसहाला शेवंता वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे उठूनच नाही राहिले जी… येता काय?" तीन घरं सोडून त्यांचं घर. मी चप्पल न घालताच धावलो. पुंडलिक कुशीवर निजलेला, हात उशीखाली, रोजच्यासारखा. डॉक्टर आले, झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. मी त्याच्या पायाशी बसलेलोच होतो, तेवढ्यात आमच्या लेआउटच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष भुरेजी दारात येऊन हळूच म्हणाले, "बाबूरावजी, गेटजवळच्या फळ्यावर लिहून टाका न. तुमचं अक्षर चांगलं आहे." तुमचं अक्षर चांगलं आहे… हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी माझ्या मित्राचा घात केला होता. तो जाऊन आज सात आठवडे झाले. ते सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल गोडगोड लिहिणं मला जमणार नाही.

पुंडलिक गजभिये आणि मी दोघंही जवाहरनगरच्या फॅक्टरीतले. तो बारुदीच्या कामावर, मी टाइम ऑफिसात कारकून. सव्वीस वर्षं फॅक्टरीच्या बसमध्ये आम्ही एकाच सीटवर बसलो. खिडकी कायम त्याची, त्यावरून भांडण नाही. काडीपेटी गेटवर जमा करून आत जाणारा माणूस तो, त्याच्या अंगात सावधपणा मुरलेला. बसने वेग घेतला की तो सीटवरूनच ओरडायचा, "अरे बाबू, घरी बायका वाट पाहून राहिल्या, यमराज नाही!" बस हसायची, ड्रायव्हरही हसायचा, पण पाय उचलायचा. एकदा मला म्हणाला, "बाबूराव, गाडीत बारूद असली का ड्रायव्हर कसा अदबीनं चालवते, पाहिलं न? अन् समोर लेकरं असली का त्याले काहीच वाटत नाही. म्हणजे लेकरं बारुदीहून सस्ती झाली काय गा?" मी हसण्यावारी नेलं. मी पुष्कळ गोष्टी हसण्यावारी नेत आलो आहे.

निवृत्त झाल्यावर आम्ही एकाच लेआउटात प्लॉट घेऊन घरं बांधली. सुरुवातीला आमचा रस्ता शेवटी धानाच्या बांधात जाऊन संपायचा. मग तो पुढे हायवेला जोडला गेला आणि बघता बघता चौकातला सिग्नल चुकवायची ती वाट झाली. रेतीचे ट्रॅक्टर, बाईकवाली पोरं, कार… घरांच्या मधून सुसाट. शाळेतून सायकलने येणारी लेकरं भिंतीला चिकटून चालायची. एक दिवस एका बाईकवाल्याने शेवंता वहिनींनाच उडवलं, मनगट मोडलं. तेव्हापासून पुंडलिकने नगरपरिषदेकडे स्पीड ब्रेकरसाठी अर्ज द्यायला सुरुवात केली. अर्ज लिहायचो मी. तो म्हणायचा, "लिही, आमची लेकरं जीव मुठीत घेऊन चालतात." मी लिहायचो, "सदर रस्त्यावरील भरधाव वाहनांमुळे विद्यार्थ्यांच्या जीवितास धोका निर्माण झाला असून…" वाचून दाखवलं की खूश व्हायचा. "वा रे वा! माझं बोलणं तुझ्या अक्षरात गेलं का कोट घातल्यावाणी दिसते." असे नऊ अर्ज गेले. पाहणी होईल, साहेब बदलले, पुढच्या महिन्यात या. ब्रेकर काही आला नाही.

मग त्याला ते धानाचं सुचलं. दिवाळीनंतर आपल्याकडे रस्तोरस्ती धान वाळत घालतात, कडेला दगड मांडतात, हे नवीन नाही. पण त्याने वेगळंच पाहिलं. उड्या मारत येणारी बाईक धानापाशी आली की हळू होते, वळसा घालते, मग पुढे जाते. ट्रॅक्टरसुद्धा! पवनीकडच्या त्याच्या साळ्याकडून त्याने एक पोतं धान आणलं आणि शाळा सुटायच्या आधी अर्ध्या रस्त्यावर पसरलं. फावडीने सारखं केलं, चार दगड मांडले, स्टूल टाकून बसला. लेकरं घरोघरी गेली की गोळा करून पोत्यात. दुसऱ्या दिवशी तेच धान, तिसऱ्या दिवशी तेच. उन्हाळा आला तरी तेच पोतं! मी चिडवायचो, "पुंडलिक, तुझं धान अजून वाळलं नाही काय?" तो म्हणायचा, "लेकरं घरी पोचली का वाळलं समजायचं." आणि एकदा म्हणाला, "माणसाच्या अंगावर गाडी घालतील, पण अन्नावर नाही घालत. आपल्या मातीतली पोरं आहेत, तेवढं तर उरलं आहे न." तेवढ्याच भरवशावर तो रोज बसायचा, आणि खरं सांगतो, दीड वर्ष आमच्या रस्त्यावर शाळेच्या वेळी कोणाला साधं खरचटलं नाही.

नंतर लेआउटातच कार वाढल्या. माझ्या निखिलनेही घेतली. एकदा धानाच्या कडेच्या दगडाला चाक घासलं, तर घरी येऊन आदळआपट, "बाबा, तुमच्या दोस्ताले सांगा, रस्ता काही खळं नव्हे." त्याच आठवड्यात भुरेजी दोन-चार जणांना घेऊन आले. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं, पाहुण्यांच्या गाड्या यायच्या होत्या. "वैर नाही जी, फक्त एक अर्ज. नाव कोणाचंच नाही टाकायचं, खाली 'समस्त रहिवासी' लिहू. तुमचं अक्षर चांगलं आहे." बायको चहा घेऊन आली, निखिल बाजूला उभा होता… आणि मी पेन उघडलं. "सदर रस्त्यावर धान पसरविल्यामुळे रहदारीस अडथळा निर्माण होत असून…" तोच सदर, तेच निर्माण. नऊ अर्ज ज्या हाताने लिहिले त्याच हाताने दहावा. नाव नाही म्हणजे मी नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पुंडलिकला नोटीस आली एवढं मला कळलं. नोटिशीसोबत तक्रारीची झेरॉक्स जोडतात, हे मात्र अख्खा जन्म कागदांत घालवलेल्या मला सुचलं नाही. मूर्ख, दुसरं काय!

त्याने धान उचललं आणि स्वतः उभा राहू लागला. धान पसरायचा त्याच जागी, डोक्याला दुपट्टा बांधून, उजवा हात वर. कोणी थांबायचं, कोणी हॉर्न मारून कट मारायचं. एकाने तर शिवी दिली. एप्रिलचं ऊन, सत्तरीचा माणूस. मी गेटातून म्हणालो, "थकत नाहीस काय रे?" तो वळला, माझ्याकडे पाहिलं, हसला. "धान असतं तर बसलो असतो न गा." बस, एवढंच. रोज सकाळी चहाला यायचा तो येतच राहिला, पेपर वाचायचा, आल्याचा चहा मागायचा. फक्त अर्ज लिहून दे असं पुन्हा कधी म्हणाला नाही. मला वाटलं, कंटाळला. मला बरंच वाटलं, काय सांगू!

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात सगळं लेआउट पांढऱ्या कपड्यांत आलं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं आणि मग भाषणं झाली. भुरेजींनी माइक घेतला. "गजभियेजी म्हणजे आमच्या लेकरांचे पहारेकरी होते," म्हणाले. ज्यांनी त्याचं पोतं उचलायला लावलं ते सगळे माना हलवत होते, आणि मीही त्यांच्यातच बसलेला. किळस आली… त्यांची कमी, माझी जास्त. कार्यक्रम आटोपल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक फाइल हातात दिली. "हे तुमच्याच लिखाणाचं आहे भाऊजी, तुम्हीच ठेवा." नऊ अर्जांच्या प्रती, ओळीने लावलेल्या. त्यानंतर नोटीस. त्यानंतर दहाव्याची झेरॉक्स. आणि सर्वात खाली आणखी एक अर्ज, पेन्सिलने रेघा आखून त्याने स्वतः लिहिलेला. अक्षरं कुठे मोठी, कुठे बारीक. सदर नाही, निर्माण नाही. "आमची लेकरं जीव मुठीत घेऊन चालतात." तेच वाक्य, जे मी नऊ वेळा खोडलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "नोटीस आली त्याच दिवशी ओळखलं त्यायनं तुमचं अक्षर. मी म्हटलं, जाऊन विचारा न, काहून केलं म्हणून. तर म्हणे, राहू दे, त्याले लाज वाटन. मग तो माझ्यासंगं चहा नाही पिणार." मला पुंडलिकचा राग आला, आजही येतो. अरे, चार शिव्या द्यायच्या होत्यास! कॉलर धरायची होतीस, माझ्या दारात येऊन तमाशा करायचा होतास. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत माफी मागायची एक संधी माझ्या हक्काची होती, तीही तू घेऊन गेलास. मी तुला फसवलं ते खरं, पण दीड वर्ष माझ्यासमोर बसून, माझ्याच कपातून चहा पिऊन, काही माहीतच नसल्यासारखं वागणं… हे काय कमी फसवणं झालं?

निघताना व्हरांड्यात ते पोतं दिसलं, तोंडाला सुतळी बांधलेलं. मी म्हणालो, "वहिनी, हे नेऊ काय?" त्या म्हणाल्या, "न्या. पण घरात ठेवून नका देऊ."

काल शाळा सुटायच्या आधी मी पोतं सोडलं. धानाला सोंडे किडे लागलेले, अर्धं टरफल घासून गेलेलं. फावडी चालवायची सवय नाही, कुठे ढीग पडला, कुठे रस्ता उघडा राहिला. चार दगड मांडले, स्टूल टाकलं. पहिली गाडी आली ती निखिलची. धानापाशी थांबला, काच खाली केली. "बाबा, काय करून राहिले तुम्ही?" मी म्हणालो, "धान वाळवून राहिलो. वळसा घाल." तो हळूहळू वळसा घालून गेला. मागोमाग सायकलींवरची लेकरं गेली, रस्त्याच्या मधून, गप्पा करत. समोरच्या गेटात भुरेजी येऊन उभे होते. म्हणाले, "बाबूरावजी, हे बरं नाही. पुन्हा अर्ज द्यावा लागन."

"द्या न," मी म्हणालो. "पण या खेपेस अक्षर दुसऱ्याचं पाहा."