कापसात हरवलेली काडी

परवा शिरड शहापूरच्या घरी कापसाच्या खोलीचं दार उघडलं आणि सरकीचा तो उबट, तेलकट वास आला. माझा हात आपोआप ढिगात गेला, कोपरापर्यंत. अजूनही जातो.

नव्वदच्या दशकातला एक चैत्र. दादा फौजेतून सुट्टीवर आला होता. परत गेल्यावर त्याच्या तुकडीला हिमनदीच्या डोंगरावर जायचं होतं, पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत. आईला समजावं म्हणून त्याने कापसाचाच डोंगर रचला आणि काडेपेटीतल्या चार काड्या, म्हणजे चार जवान, एका दोऱ्याने बांधून वर ठेवल्या.

“लई अवघड न्हाई, आई. ऊन तापायच्या आत उतरायचं. वरून बराबर दिसतं, पण बर्फाखाली भेगा असतात.”

“मंग हा दोरा काहून?”

“एकजण आत गेला तर बाकीच्यांनी वढून काढायचा.”

त्याने काड्या कापसात दाबल्या आणि दोरा ओढला. तीनच वर आल्या. चौथ्या जागी नुसती गाठ होती, न सुटलेली. मला ती दादाची जादू वाटली, मी टाळ्या वाजवल्या. त्या खोलीत टाळ्यांचा आवाजही बुडून गेला. आई मात्र दुपारभर कापूस उपसत राहिली. काडी काही सापडली नाही.

पुढच्या महिन्यात दादाचा फोन आला तेव्हा मी आईला बिलगून, रिसीव्हरला कान लावून उभी होते. ख्यालीखुशाली न विचारता तो म्हणाला, “आई, ती काडी सापडली का?”

“व्हय रे लेकरा, सापडली.”



“आमाला न्हाई सापडला,” दादा म्हणाला.