सप्टेंबरपर्यंत सगळं ठीक

व्हिसा संपत आलेल्या माणसाबरोबर एका घरात राहिलं की किस्से आपोआप साठतात. ते घडतात तेव्हा कुणाला हसू येत नाही. काम एकदाचं झालं की मग तेच चहाबरोबर निघतात. आमच्या मिल्टन कीन्सच्या घरात असे बरेच निघतात आणि जवळजवळ सगळे समीरचे असतात.

घरात आम्ही तिघं. मी, मुग्धा आणि समीर. तिघंही तरुणांसाठीच्या त्या दोन वर्षांच्या ब्रिटिश व्हिसावर आलो. सोडतीत नंबर लागला की या, हवं ते काम करा, मुदत संपली की घरी जा. तो वाढवून मिळत नाही. राहायचं असेल तर मुदतीच्या आत एखाद्या कंपनीने स्पॉन्सर करायला हवं. मुग्धाचं आणि माझं काम वेळेत झालं. समीरचं तेवढं राहिलं होतं, आणि त्याचा व्हिसा सप्टेंबरमध्ये संपणार होता. तो अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमसाठी लागणारं सॉफ्टवेअर तपासायचा आणि त्या कामावर त्याचा फार जीव होता.

* * *

हल्ली व्हिसाचा कागद नसतो, शिक्का नसतो. सरकारी वेबसाईटवर लॉग-इन केलं की तो दिसतो. समीर रोज सकाळी दात घासता घासता तो उघडून बघायचा, न जाणो झोपेत कुणी काढून घेतला असला तर!

एके दिवशी वेबसाईटच बंद. तोंडात पेस्ट तशीच ठेवून समीर माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "आत्ता या क्षणी मी लीगल आहे की नाही, ते सांग."

मुग्धाने त्याला आधी तोंड धुवायला पाठवलं. मग तो गाडी घेऊन निघाला, पण पोलिसाने अडवलं तर दाखवायला काही नाही या धास्तीने प्रत्येक राउंडअबाउटवर सगळ्यांना आधी जाऊ देत बसला. आमच्या गावात राउंडअबाउट किती आहेत ते इथे येऊन गेलेल्यांना विचारा. तो ऑफिसला पोचला तेव्हा सकाळची मीटिंग संपली होती.

* * *

समीरच्या आईचं म्हणणं, पोराला दृष्ट लागली. कराडहून व्हिडिओ कॉलवर त्यांनी सगळं सांगितलं आणि मुग्धाने मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या त्याच्यावरून ओवाळून तव्यावर टाकल्या. ठसका येण्याआधीच स्मोक अलार्म बोंबलायला लागला. तिकडून आई समाधानाने म्हणत होत्या, बघा, केवढी लागली होती.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो. खरं तर तिघंही कायदेशीर होतो, कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण बेल वाजली की आधी छातीत धस्स होतं आणि मग कायदा आठवतो. समीर वर पळाला आणि पासपोर्ट घेऊन, बूट घालून खाली आला.

दारात शेजारची म्हातारी जीन उभी होती. तिने काळजीने विचारलं, "आर यू ऑल राइट, लव्ह?"

समीर म्हणाला, "येस. टिल सप्टेंबर."

* * *

अलार्म नंतरही अधूनमधून ओरडायला लागला म्हणून घरमालक साठेकाका पिनरहून तपासायला आले. काका रिटायर्ड डॉक्टर. तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले ते इथलेच झाले. दिवस कडक उन्हाचा होता, तरी अंगात जॅकेट. मुग्धा म्हणाली, "काका, जॅकेट द्या, अडकवते."

"असू दे गं," म्हणत ते घामाघूम होऊन तसेच स्टुलावर चढले. आम्हाला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस, असायचाच शिस्तीचा. जाताना सांगून गेले की मिरच्या जाळायच्या तर बागेत जाळा, आमच्या हिनेही एकदा जाळल्या होत्या.

* * *

आता समीरचा खरा पराक्रम. त्याची मॅनेजर हेलन. तिने त्याला समोर बसवून सरळ विचारलं होतं, व्हिसा संपतोय, पुढे तुला काय हवंय? आता आपल्याकडे स्वतःसाठी तोंडाने मागायचं नाही, मोठी माणसं बघतात, असंच आपण शिकलेलो. समीर नम्रपणे म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." आणि आपण फार छान बोललो म्हणून खुशीत घरी आला.

थोड्याच दिवसांत हेलनने ओलिव्हर नावाचा नवा माणूस त्याच्या शेजारी आणून बसवला आणि सांगितलं की याला तुझं सगळं काम शिकव. समीर मन लावून शिकवायला लागला. आपल्याच जागेवर येणारा माणूस आपण तयार करतोय, हे आम्ही सांगेपर्यंत त्याच्या डोक्यात आलं नाही.

"मग शिकवू नकोस ना," मी म्हटलं.

"असं कसं? चांगला शिकतोय तो."

मग स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मुग्धा हेलन. समीरने एकच वाक्य म्हणायचं, मला राहायचंय. पण दर वेळी त्याच्या तोंडून "इफ पॉसिबल" आणि "नो प्रॉब्लेम अदरवाइज" बाहेर पडायचं. शेवटी मुग्धा चिडली, "अरे, प्रॉब्लेम आहे ना तुला!" तेव्हा तो खाली बघत मराठीतच म्हणाला, "मला राहायचंय." मला खूप भीती वाटली, कारण त्याची खोली रिकामी झाली तर कशी दिसेल, ते मला दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने हेलनला सांगितलं. ती थक्क झाली. तिला वाटत होतं, याला आईकडे परत जायचंय आणि बिचारा संकोचाने बोलत नाहीये! कंपनीकडे स्पॉन्सर करायचं लायसन्स आधीपासून होतं. ओलिव्हरला दुसरं काम मिळालं, समीरचा अर्ज मुदतीच्या आत गेला आणि नवा व्हिसा आला.

* * *

वाटेत हॅरोमधून पेढे घेऊन आम्ही पिनरला साठेकाकांकडे गेलो. दार त्यांच्या मुलीने, अंजलीने, उघडलं. ती इथेच जन्मली, शाळेत हेडटीचर आहे, केस पिकायला लागलेत. काका घरातही जॅकेट घालून बसले होते. त्यांनी पेढा देवापुढे ठेवला आणि व्हिसा किती वर्षांचा मिळाला ते विचारलं.

"पाच," समीर म्हणाला. "काका, तुमच्यासारखं निवांत व्हायचंय एकदा."

तेवढ्यात बेल वाजली. काका उठले. जॅकेटच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढला, अंगठ्याने फोटोचं पान उघडलं आणि दाराकडे निघाले.

"बाबा, नुसतं पार्सल आलं आहे," अंजली म्हणाली. "पासपोर्ट आत ठेव ना."

काका थांबले नाहीत.

समीरने तिला हळूच विचारलं, "काका सिटिझन कधी झाले?"

"आय वॉझन्ट इव्हन बॉर्न," अंजली म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.