समितीपुढे तेलुगूत बोला

तालुके मोडून छोटी मंडलं नुकतीच झाली होती तेव्हाची गोष्ट. शाळा कशा सुधाराव्यात याचा अभ्यास करायला राज्य सरकारनं समिती नेमली. मी महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, तेलुगू राज्यात, वांकिडीकडच्या एका खेड्यात मराठी शाळेवर एकटीच बाई. पाच वर्ग, खोली एक. मराठी पुस्तकं दिवाळी झाली तरी यायची नाहीत. समिती मंडलाच्या गावी येणार कळलं तसा मला आनंदच झाला. आपल्याला कुणीतरी विचारतंय, एवढंच खूप वाटलं.

आदल्या दिवशी खात्याच्या साहेबांनी आम्हा शिक्षकांना बजावलं की अडचणी सांगायच्या नाहीत, फक्त सूचना करायच्या. माझ्या डोक्यात तेव्हाच तिडीक गेली.

सभा तेलुगूत आणि इंग्रजीत चालली. कापूसवेचणी सोडून माझ्यासोबत आलेल्या मुलांच्या आया नुसत्या तोंडाकडे बघत बसल्या. माझी पाळी आली. मराठीत सुरुवात केली तर अध्यक्षांनी अडवून तेलुगूत बोलायला सांगितलं. मी मोडक्यातोडक्या तेलुगूत पुस्तकांचं सांगू लागले. कुठंतरी शब्द चुकला आणि व्यासपीठावरचे हसले. आमचे साहेबही हसले.

माझ्या मागची एक आई उभी राहिली. तिची मुलगी माझ्याकडे दुसरीत होती.

"बाईले काऊन हासून राह्यले तुमी?" ती म्हणाली. "आमच्या पोरायले तुमच्या हापिसातलं बोलनं काई समजत नाई. त्यायलेबी हासान का?"

ती काय म्हणते, असं अध्यक्षांनी विचारलं. साहेबांनी तेलुगूत सांगून टाकलं की ती समितीचे आभार मानते आहे.

तेवढं तेलुगू मला येत होतं. मी उभ्या उभ्या तिचं बोलणं जसंच्या तसं तेलुगूत सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि चहा मागवला.

जूनमध्ये माझी बदली उटनूरकडच्या जंगलात झाली. माझ्या जागी आलेल्या मास्तरांना मराठीचं अक्षरही येत नव्हतं. त्या आईनं मुलीला महाराष्ट्रात मामाकडे ठेवलं. बाकीच्या पोरी शेतात गेल्या.

आणि मी गोंड मुलांपुढे उभी राहिले. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती. मला शिक्षा करायची म्हणून त्या लेकरांची शाळा बुडवली, हे आठवलं की आजही माझं रक्त उकळतं. वर्षभरात मी त्यांच्याकडूनच गोंडी शिकले. खात्यानं त्याची दखल घेतली नाही, आणि मीही ती मागायला गेले नाही.